रिकामी धावणारी मशीन

"अहो वहिनी, काय हे दाते घासलेत! हिला कापड खायला घालता की उपाशीच पळवता?" अगदी माझ्या तोंडाशी चष्मा आणून मशीन दुरुस्त करणारे काका कुरकुरले.

खरं सांगू का मित्रांनो, मला बरं वाटलं. कुणीतरी एकदाचं विचारलं!

मी एक जुनी शिलाई मशीन आहे. अंग ओतीव लोखंडाचं. त्यावरची सोनेरी वेलबुट्टी आता जिथे हात पोहोचत नाही तिथेच उरली आहे. आज माझ्या दातांखाली पुन्हा कापड आहे, म्हणून निवांतपणे सांगते.

या घरात मी आईबरोबर आले. पडदे, उशांचे अभ्रे, थोरल्या आणि धाकट्या लेकीचे फ्रॉक, सारं माझ्याच हातचं. "टाका शोधून सापडत नाही हो!" असं बायका म्हणायच्या आणि मी उगीच जास्त खडखडायचे. बाबा शेजारी बसून उसवायचं काम करायचे. उसवता उसवता गाणं म्हणायचे, तेही बेसूर.

मग बाबा कामावर जाईनासे झाले. आतल्या खोलीचं दार लोटलेलं राहू लागलं. मुलींनी विचारलं की आईचं उत्तर ठरलेलं, "बाबा झोपलेत." पण दुपारी त्या दाराआडून रडण्याचा आवाज यायचा. मोठ्या माणसाचं रडणं, दाबलेलं. तो आवाज सुरू झाला की आई धावत यायची आणि ना दोरा, ना कापड, मला तशीच पळवायची.

"काय गं, कारखाना काढलास की काय?" शेजारीण खिडकीतून ओरडायची.

"मोठी ऑर्डर आलीय!" आई हसून सांगायची.

त्या ऑर्डरचं एक बटणसुद्धा मी कधी पाहिलं नाही.

थोरली एवढंच शिकली, की मशीन सुरू झाली की काही विचारायचं नाही. ती चवड्यांवर चालू लागली. शिंकसुद्धा फ्रॉकमध्ये तोंड खुपसून द्यायची. माझ्या टेबलाखाली बसून ती धाकटीला गोष्टी सांगायची, आणि प्रत्येक गोष्टीत एक राजा झोपलेला असायचा.

"का झोपला पण?"

"राजकन्येनं त्याचा कप फोडला म्हणून."

"आता उठणारच नाही?"

"ती खूप शहाण्यासारखी वागली, तर उठेल."

मला ठाऊक होतं. बाबांचा कप थोरलीच्या हातून फुटला होता. बाकी सगळे ते विसरले, ती नाही विसरली. पण मला दात आहेत, जीभ नाही.

मित्रांनो, मोठ्यांना वाटतं, झाकली मूठ सव्वा लाखाची. मुलं मात्र त्या मुठीत काय असेल याची आपली आपण गोष्ट रचतात, आणि त्या गोष्टीत चूक हटकून स्वतःचीच असते. म्हणून म्हणते, मला तेल घाला, पुसा, झाकून ठेवा. पण माझ्या आवाजाखाली काही झाकू नका.

तर, काकांनी विचारलं आणि आई गडबडली. "अहो, कधीकधी विसरते मी दोरा ओवायला."

टेबलाखालून बारीक आवाज आला, "आई नाही विसरत, काका. माझ्यामुळे चालवावी लागते. मी बाबांचा कप फोडला ना!"

सवयीनं आईचा पाय मला चालवायच्या पायट्यावर गेला. पायटा हलला, पण मी गप्पच. माझा पट्टा काकांच्या हातात होता. घरात इतकी शांतता मी कित्येक दिवसांत ऐकली नव्हती.

आतलं दार उघडलं. विस्कटलेल्या केसांचे बाबा बाहेर आले, जमिनीवर बसले आणि वाकून टेबलाखाली पाहू लागले.

"तो कप? अगं, त्याचा कान मला रोज चावायचा. बरं झालं फुटला ते."

थोरली हसली नाही. वाट पाहत राहिली.

"मी आजारी आहे, बाळा," बाबा म्हणाले. "मनाचा आजार आहे. रडू येतं, आवरत नाही. ते तुम्हाला ऐकू येऊ नये म्हणून आई मशीन चालवते."

आईचा पाय पायट्यावरून अलगद खाली आला. तिचा आणि माझा, दोघींचाही जीव भांड्यात पडला.

बाबांनी हात पुढे केला. "ये बाहेर. तुझ्यामुळे काहीसुद्धा झालेलं नाही."