उपासाचं पान

मी वही बोलतेय. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची आणि खिळ्याला टांगलेली. हसू नका. शाळेतल्या वह्या निदान दप्तरातून गावभर फिरून येतात. मी मात्र सोलापुरातल्या एका दोन खोल्यांच्या घरात, चुलीपासून चार हातांवर, भिंतीला पाठ लावून दिवस काढले. पळायची सोय नव्हती. माझ्या कोपऱ्याला दाभणानं भोक पाडून सुतळी ओवलेली, आणि त्याच सुतळीला पेन्सिल बांधलेली.

साल एकोणीसशे शहात्तर. मला आणलं ते चंद्रव्वांसाठी. चंद्रव्वा म्हणजे गिरणी कामगारांची खानावळ तीस वर्षं चालवलेली बाई. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी वाढावी ती त्यांनीच; कुणाला अर्धपोटी उठू म्हणून दिलं नाही. अशा बाईला साखरेच्या आजारानं गाठलं. पायाच्या अंगठ्याला ठेच लागली, ती जखम दोन महिने झाले तरी भरेना. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, साखर आटोक्यात आली नाही तर अंगठा काढावा लागेल, आणि पुढं पायाचंही काही सांगता येत नाही.

दवाखान्यात कुणी काय खायचं ते ठरवून द्यायला जेऊरकर बाई होत्या. पंचविशीच्या, नव्यानंच कामावर लागलेल्या. त्यांनी माझ्या पहिल्या पानावर लिहून दिलं: दोन्ही वेळा दोन-दोन भाकरी, वाटीभर वरण, पालेभाजी, ताक. गूळ, साखर, बटाटा, रताळं बंद. आणि खाली ठळक अक्षरात, जे तोंडात जाईल ते लगेच लिहायचं. चंद्रव्वांना लिहिता येत नव्हतं, म्हणून पेन्सिल आली सुनेच्या हातात. कस्तुराबाई सातवी शिकलेली, अक्षर गोल, स्वभाव भिडस्त.

तेव्हा मी काय ऐटीत होते म्हणून सांगू! एका बाईचा पाय माझ्यावर अवलंबून. पण हळूहळू समोरचं दिसायला लागलं. आपल्याच स्वयंपाकघरात चंद्रव्वा परक्या झाल्या. कपबशी उचलली की सून सुतळी ओढायची. चार शेंगदाणे तोंडात टाकले तरी विचारायची, आत्याबाई, किती लिहू? विचारायची मायेनंच, पण विचारायचीच. मग चंद्रव्वा उरलेले दाणे डब्यात टाकून झाकण लावायच्या. मला माझीच लाज वाटायची. मी भिंतीला अडकलेली, आणि त्या माझ्यात.

दर पंधरा दिवसांनी दवाखान्यात लघवी निळ्या औषधात उकळून बघत. साखर नसली तर निळा रंग तसाच राहायचा, फार असली तर विटकरी व्हायचा. पहिल्या महिन्यात विटकरीचा पिवळा झाला. जखमही सुकायला लागली. सगळं ठीक चाललं होतं.

मग चंद्रव्वांनी आजारपणात सोडलेला सोमवार पुन्हा धरला. काय लिहू म्हणून कस्तुराबाईनं नवऱ्याला विचारलं. सिद्धाराम गिरणीत निघायच्या घाईत होता. म्हणाला, उपासाचं काय लिहितेस, उपास म्हणून लिही. तिनं लिहिलं: ‘सोमवार. उपास.’ झालं, पान संपलं.

आणि त्या दिवशी पोटात काय गेलं म्हणता? दोन वाट्या साबुदाण्याची खिचडी, दोन रताळी, दोन केळी, वर गूळ-शेंगदाण्याचा लाडू. कुणी लपवलं नाही की चोरलं नाही. सगळ्यांच्या देखत झालं. उपासाचं खाणं हे खाणं असतं असं त्या घरात कुणाला वाटतच नव्हतं.

चंद्रव्वांच्या मात्र लक्षात आलं. किती दिवसांनी त्या पोटभर जेवल्या होत्या आणि कुणी सुतळी ओढली नव्हती. पुढच्या आठवड्यात त्यांनी गुरुवार धरला. मग शनिवार, संकष्टी, एकादशी. श्रावणात तर विचारूच नका. देवापुढं सुनेचं काय चालणार? शेजारणी म्हणायच्या, बाईची भक्ती केवढी! मी आतल्या आत चरफडत होते. पानामागून पान तोच एक शब्द, आणि तो खोडायला मला हात नव्हते.

कस्तुराबाईला कळत नव्हतं असं नाही. जखम पुन्हा चिघळली तेव्हा ‘उपास’ लिहून झाल्यावर तिनं पेन्सिल पुन्हा उचललेली आणि तशीच सोडलेली मी पाहिलीय. पण सासूच्या उपासावर बोट ठेवायचं कुणी?

श्रावण संपता संपता दवाखान्यात रंग आला गडद विटकरी. जेऊरकर बाईंनी मला चारदा उलटंपालटं केलं. जेवण नेमाचं, त्यात एवढे उपास, मग साखर येते कुठून? त्यांनी विचारलं, “उपासाला काय घेता, आजी?”

“ताक,” चंद्रव्वा म्हणाल्या.

सून मान खाली घालून पदराचं टोक पिळत राहिली. बाईंनी खरं मानलं आणि माझ्यावर लाल शाईनं लिहिलं: आहार योग्य. असा राग आला म्हणून सांगू, पण वहीला तोंड असतं तर ना!

पुढच्याच आठवड्यात अंगठा काढला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर फेरीला आले. वॉर्डभर ऐकू जाईल असं ते जेऊरकर बाईंना बोलले, की तुम्ही आखून दिलेला आहारच चुकला. दुपारी बाई मला घेऊन चंद्रव्वांच्या खाटेशी येऊन बसल्या. डोळे सुजलेले होते. म्हणाल्या, “आजी, माझं कुठं चुकलं ते मला सापडेना. दुसऱ्या कुणाला असं व्हायला नको, म्हणून विचारते.”

चंद्रव्वांनी बाईंचा हात धरला.

“पोरी, तुजं काय बी चुकलं न्हाय. ही वही खोटी हाय. उपासाला मी ताक न्हाय पीत, खिचडी खाती, रताळी खाती, लाडू खाती. सारा जलम लोकांस्नी वाडलं, कुणाचा घास मोजला न्हाय. माजा मोजाय लागल्यावर जीव घुसमटला बग. उपास म्हटलं की तेवढं तरी सुटत हुते मी.”

भर वॉर्डात मला खोटी म्हटलं, आणि खरं सांगते, मला एवढं हलकं कधीच वाटलं नव्हतं. जेऊरकर बाई रागावल्या नाहीत. रडल्या मात्र. मग पेन्सिल उशाशी बसलेल्या कस्तुराबाईच्या हातात दिली. सासूनं सांगत जायचं, सुनेनं एकेका ‘उपास’खाली लिहीत जायचं. ओळ पुरेना तिथं तिनं समासात लिहिलं. संध्याकाळपर्यंत दोघी तेच करत होत्या.

पाय राहिला. अंगठा गेला तो गेलाच. चंद्रव्वा आता लंगडतात. बाईंनी नेम थोडा सैल केला: सोमवारी मन मारू नका, अर्ध्या भाकरीच्या बदली आवडीचं थोडं खा, पण सांगा. घरी सुतळी सोडून मला चंद्रव्वांच्या उशाशी ठेवलंय. सुतळी गेली तरी काम आहेच.

माझं शेवटचं पान भरत आलंय. उद्या दुसरी वही येईल. अशी वही ज्या ज्या घरी टांगली जाईल, तिथल्या माणसांना माझं एवढंच सांगणं आहे, की जिचा घास लिहिता तिला आधी विचारा, बाई, तुला काय खावंसं वाटतंय?

आज सोमवार. कस्तुराबाईनं विचारलं, काय लिहू? चंद्रव्वांनी सांगितलं आणि तिनं अगदी तसंच लिहिलं: ‘अर्धा लाडू. सांगून खाल्ला.’