मनोऱ्यावरचे डोळे

"मर्व, खाली ये की रे! सूर्याला कुणीतरी चावा घ्यायला निघालंय, आणि गावातले सगळ्यात तेज डोळे वर बसून चहा पितायत!"

हाक बेकरीवाल्या लोर्नाची होती. मर्व पास्कोनं वणव्यावर नजर ठेवायच्या मनोऱ्याच्या खिडकीतून हात हलवला. जिकडून आवाज आला होता, तिकडं.

टेकडीच्या माथ्यावर आज ग्रहण बघायला अख्खं टॅनर्स हिल गाव जमलं होतं. घडीच्या खुर्च्या, बिअरचे खोके, बीट घातलेले सँडविच. आगबंदीचा दिवस होता, म्हणून शेगडी कुणी आणली नव्हती. पश्चिमेला खाली ॲडलेडचं मैदान, त्यापलीकडं समुद्र, आणि समुद्रावर उतरणीला लागलेला सूर्य.

मर्वच्या डोळ्यांबद्दल या गावात काहीही खपून जाई. तीन दऱ्यांपलीकडे कुणी सिगरेट पेटवली, तर ती त्याची आजची कितवी हे मर्व सांगतो म्हणे. एका वर्षी तर त्यानं वणवा लागायच्या आदल्या दिवशीच कळवला होता, आणि बंब तिथं जाऊन आगीची वाट बघत उभा राहिला होता. एकतीस उन्हाळे मनोऱ्यावर काढून मर्वनं यातली एकही थाप खोडून काढली नव्हती. दोन तर त्यानंच सोडलेल्या होत्या.

खरी गोष्ट एवढीच होती, की मे महिन्यापासून मर्वला समोरचं दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांच्या ऐन मध्यावर काळा डाग बसला होता. ज्याच्याकडं बघावं ते डागाखाली जाई, कडेचं तेवढं उरे. पुढ्यात उभ्या माणसाचे कान दिसत, तोंड दिसत नसे.

"हे आता परत यायचं नाही, मिस्टर पास्को," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "काम काय करता?"

"बसून असतो," मर्व म्हणाला होता. तेही काही खोटं नव्हतं.

सांगायचं त्यानं ठरवलं होतं. एवढा डिसेंबरचा उन्हाळा काढू, मग सांगू. मनोरा सोडला की उरत होतं एक घर, आणि बायको, ग्वेन, गेल्यापासून त्या घरात एकच कप विसळला जात होता. तोवर तो कोंबडीसारखी मान वाकडी करून कडेनं बघे, वाऱ्याचा वास घेई, आणि पलीकडच्या मनोऱ्यावरच्या रॉसनं धुराची दिशा कळवली की दहा मिनिटांनी त्यावरून अंदाजानं आपला अंशांचा आकडा पुढं करी. पूर्वेच्या घळी मात्र रॉसला दिसत नसत. त्या एकट्या मर्वच्या.

रेडिओ खरखरला. खाली गावातल्या बंबखान्यात रेडिओवर बेव बसायची, वीस वर्षं झाली.

"मनोरा, लोर्नाचं बोंबलणं मला इथवर ऐकू येतंय. जाऊन ये बाबा दोन मिनिटं. कुणी विचारलं तर मी सांगते."

"आगबंदी आहे, बेव."

"आणि तुझं घड्याळ रॉसच्या मागं चालतं, तेही मला माहीत आहे. जा."

मर्वनं रेडिओ खाली ठेवला. मग शिडी उतरला.

खाली डीन उभा होता, बंबावरच्या तुकडीचा कप्तान, पोटापाण्याला वेल्डर. त्यानं वेल्डिंगची काळी काच मर्वच्या हातात ठेवली. "काका, पहिली नजर तुमची. तुम्ही सांगायचं, मग आम्ही बघायचं."

सगळे भोवती सरकले. मर्वनं काच डोळ्यांपुढं धरली. काळ्या काचेत काळा डाग, बस. पण रविवारच्या पेपरातलं चित्र त्यानं भिंग घेऊन, कडेकडेनं बघत पाठ केलं होतं. तो ठसक्यात म्हणाला, "लागला! वरून, उजव्या हाताला. नखाएवढा."

डीननं काच घेतली. बराच वेळ बघितलं. "काका, चावा खालून लागलाय. वर अजून अख्खाच्या अख्खा आहे."

तेव्हा कुठं मर्वला आठवलं. पेपरातलं चित्र खोक्याला भोक पाडून आत पडणाऱ्या कवडशाचं होतं. खोक्यात सगळं उलटं पडतं.

तेवढ्यात लोर्ना खिदळली. "डीन, म्हातारा तुझी फिरकी घेतोय रे! ह्याला समुद्रातल्या माशाचे खवले मोजता येतात, आणि सूर्य दिसायचा नाही?"

हशा उसळला. डीनही हसला. मर्वही हसला, आणि दुसऱ्या कुणी काही विचारायच्या आत एक सँडविच उचलून शिडीकडं वळला. त्या हशात एकानं जरी सरळ तोंडानं विचारलं असतं, तर त्यानं सांगून टाकलं असतं. निदान पुढं त्याला तसं वाटत राहिलं.

वर येऊन त्यानं सवयीनं चारी दिशांना मान फिरवली. ऊन हळूहळू पातळ होत गेलं. पांढरे काकाकुवे आरडाओरडा करत झाडांवर परतले. उजेडाला तांब्याची कळा आली. पूर्वेकडं कडेच्या नजरेत काहीतरी करडं, तांबूस तरळलं. वास नव्हता. पण वारा पश्चिमेचा होता, वास कुठून येणार? ग्रहणाचाच उजेड असेल, मर्व स्वतःला म्हणाला, आणि मान पुन्हा सूर्याकडं फिरवली. तिकडं खाली लोक टाळ्या वाजवत होते.

वीस मिनिटं गेली.

"मनोरा." बेवच्या आवाजातली थट्टा गेली होती. "पूर्वेला धूर आहे म्हणून दोन फोन आले. कुठल्या घळीत ते कुणाला कळत नाही. दिशा सांग."

खालच्यांना झाडांमुळं काही दिसत नव्हतं. मर्व मनोऱ्याच्या मधोमध बसवलेल्या, दिशेचे अंश कोरलेल्या पितळी तबकडीपाशी गेला आणि तिच्यावरची नेम धरायची काठी पूर्वेला फिरवली. धूर डागाखाली गेला. आकडेही डागाखाली गेले. पुढं रस्त्याला दोन फाटे होते आणि बंब एकच होता. आकडा ठोकून दिला असता, तर तो बरोबर यायची शक्यता निम्मी होती.

"मर्व?"

त्यानं बटण दाबलं. या वाहिनीवर सगळ्या डोंगरातले बंबवाले ऐकत असत.

"बेव, मला दिसत नाही. मेपासून दिसत नाही. डीनला वर पाठव."

त्यानं बटण सोडलं.

"मला वाटलंच होतं," बेव हळूच म्हणाली. "विचारलं नाही मी." आणि लगेच मोठ्यानं, "डीन, वर जा. पळ."

डीन धापा टाकत आला. मर्वकडं न बघता त्यानं काठी सरळ केली. "चौऱ्याण्णव. आणि हे आत्ताचं नाही, बेव. अर्ध्या तासाचं तरी आहे."

"चौऱ्याण्णव," बेव म्हणाली. रेडिओवर नकाशाचा कागद वाजला. "चौऱ्याण्णव म्हणजे माझी घळ."

त्या घळीत तिचं घर होतं, बापानं लावलेली चेरीची बाग होती, आणि सोमवारपासून तोडणी सुरू व्हायची होती. बेवनं बंबाला पत्ता दिला. स्वतःच्या घराचा पत्ता, रस्ता, फाटा, फाटकाची खूण, सगळं नेहमीच्या आवाजात, एकदा सांगून पुन्हा एकदा.

माथा रिकामा झाला. गाड्या धडाधड उतरल्या, खुर्च्या तशाच राहिल्या. चावा घेतलेला सूर्य समुद्रात गेला तेव्हा तो बघायला तिथं कुणी नव्हतं. मर्वला खाली उतर म्हणायचं कुणाला सुचलं नाही, म्हणून तो वरच होता. डीननं बंबावरून कळवलं, की घळीच्या तोंडापुढं जाता येत नाही. माणूस कुणी आत नाही, एवढंच.

बऱ्याच वेळानं रेडिओ खरखरला. "मनोरा, आहेस का अजून?"

"आहे."

"मला इथून काही दिसत नाही, मर्व. नुसत्या भिंती आहेत."

मर्वनं पूर्वेकडं तोंड केलं, सरळ. आग आता एवढी वाढली होती, की डागाखाली मावत नव्हती. डागाच्या चारी बाजूंनी लाल कडं उमटलं होतं.

"मला दिसतंय," तो म्हणाला. "आता दिसतंय."

"मग सांग," बेव म्हणाली. "मी लिहून घेते."

मर्वनं रेडिओ तोंडाजवळ धरला आणि चेरीच्या वरच्या ओळीपासून सांगायला सुरुवात केली.