लाल बाजू वर

मित्रांनो, आपली भेट झाली असेल तर तुमचा चेहरा मला आठवणार नाही, पण तळपाय नक्की आठवेल. कराटेच्या हॉलमध्ये जमिनीवर अंथरलेली मी एक जुनी मॅट. माझी एक बाजू निळी, दुसरी लाल. चारही कडांना दाते आहेत. ते शेजारणीच्या दात्यांत अडकवले की आम्हा सगळ्यांची मिळून एक सलग जमीन होते.

माझा जन्म कारखान्यातल्या साच्यात झाला. माझ्या पोटात हवेचे असंख्य बारीक बुडबुडे आहेत. कुणी पडलं की ते दबतात, पडणाऱ्याचा वेग हळूहळू काढून घेतात आणि पुन्हा फुगतात. यालाच तुम्ही मऊपणा म्हणता. नवी होते तेव्हा मी क्षणात पूर्ववत व्हायचे. पुढे वेळ लागू लागला. काही बुडबुडे तर दबले ते दबलेच.

आमचा क्लब मामांचा. त्यांची सख्खी भाची तिथे शिकायची, म्हणून सगळा वर्ग त्यांना मामा म्हणू लागला. भाचीला मात्र हॉलमध्ये सर म्हणावं लागे, कुणी वशिला म्हणू नये म्हणून. गर्रकन फिरून लाथ मारायची, त्यामुळे तिचं नाव पडलं भिंगरी. तिची टाच हलकी आणि चवडा पक्का. ती माझ्यावर उभी राहिली की मला लगेच कळे.

त्या काळी माझं कौतुकही होई. पालक मला बोटाने दाबून बघत आणि म्हणत, "वा, पोरं पडली तरी काळजी नाही." मग कौतुक थांबलं आणि रोजचं तुडवणं तेवढं राहिलं. आम्हाला उलटायचं कुणाला सुचलं नाही. आमची निळी बाजूच कायम वर असायची.

गेल्या वर्षी सरावात मागे सरकताना भिंगरीचा गुडघा मुरगळला. मामा ओरडले, "लक्ष कुठे असतं तुझं?" कित्येक आठवडे तिचा पाय माझ्यावर पडला नाही. भिंगरीची आई म्हणजे मामांची थोरली बहीण. तिने भावाला बजावलं, "पुन्हा पोरीचा पाय दुखावला, तर तुझा क्लब तुलाच लखलाभ. माझी मुलगी येणार नाही."

यंदा आमच्या शहरात आंतरराष्ट्रीय स्पर्धा ठरली. शनिवारी लढती, रविवारी परदेशातून आलेल्या एका ज्येष्ठ शिक्षिकेचं शिबिर. भिंगरीचं कनिष्ठ गटातलं हे शेवटचं वर्ष होतं. मोठ्या हॉलला मॅट कमी पडल्या, तेव्हा मामांनी मोठ्या अभिमानाने आमच्या दिल्या. लढतीच्या चौकोनाला कडेने लाल पट्टा लागतो. लाल लागलं की खेळाडूला कळतं, आता हद्द जवळ आली. मामांनी आम्हाला पहिल्यांदाच उलटं केलं.

"बघा! कालच आणल्यासारख्या दिसतात."

दिसत होतो खऱ्या. पण इतकी वर्षं पाय पडून पडून निळ्या बाजूची कातडी ताणली गेली होती आणि लाल बाजूची होती तेवढीच राहिली होती. ताणलेली बाजू खाली गेली की कडा वर उचलतात. त्यात माझे दातेही झिजलेले.

"सर, हिचा कोपरा उचललाय," भिंगरी म्हणाली.

"चिकटपट्टी लावली की झालं. दोन लाथांत बसेल."

"कोपरा बसेल की माणूस?"

"तू लढतीचं बघ. जमिनीचं मी बघतो."

उपांत्य लढतीपर्यंत घामाने ती चिकटपट्टी सुटली. जिंकणारी अंतिम फेरीत जाणार होती. दोघींचे गुण बरोबरीत होते आणि वेळ संपत आली होती. भिंगरी समोरच्या मुलीला मागे रेटत माझ्याकडे आणत होती. मघाशी भिंगरीचाच अंगठा माझ्या कोपऱ्याला घासून गेला होता, त्यामुळे मी कुठे उचललेय हे तिला माहीत होतं. त्या परक्या मुलीला नव्हतं. तिची टाच माझ्या दिशेने येत होती, वेगाने आणि न बघता.

"मार! आता मार!" खुर्चीवरून मामा ओरडले.

भिंगरी थांबली. तिने हात वर केला आणि खाली बोट दाखवलं. समोरच्या मुलीला तो इशारा कळला नाही. समोर मोकळी छाती दिसली, तिने पुढे झेपावून ठोसा मारला. पंचांनी अजून थांबा म्हटलं नव्हतं, त्यामुळे गुण नियमानेच गेला. उरलेल्या वेळात तो फिटला नाही. भिंगरी हरली.

मग पंच खाली वाकले आणि त्यांनी मला बोटाने उचलून पाहिलं. जादा मॅट नव्हती, म्हणून मला उलटून निळी बाजू वर केली आणि तिच्यावर लाल चिकटपट्टीची फुली मारली. पडलेल्या दातासारखी मी त्या लाल पट्ट्यात दिवसभर दिसत राहिले. मामा माझ्याकडे बघायचं टाळत होते.

रविवारी शिबिरात त्या शिक्षिकेने एकही ठोसा शिकवला नाही. दुभाष्याने सांगितलं, "डोळे मिटा आणि सगळ्या मॅटवरून सावकाश उलटं चालत जा. खाली काय आहे ते पायांना विचारा." मामाही चालले. आमच्याच क्लबच्या एका मॅटला त्यांची टाच अडखळली. दोन पावलांवर दुसरीला, मग तिसरीला. तिथे ते खालीच बसले. भिंगरी मागेच होती.

"गेल्या वर्षी असंच झालं होतं का गं?"

"हो. दाते झिजून सांधा सुटला होता, टाच त्यातच अडकली."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, लक्ष नव्हतं."

मामांनी तळहाताने तो कोपरा दाबला. हात काढताच तो पुन्हा वर आला.

"काल तू जिंकत होतीस."

"ती पडली असती तर त्याला जिंकणं म्हणाला असतात?"

मामांनी हात पुन्हा त्या कोपऱ्यावर ठेवला. मग म्हणाले, "ताईला काय सांगू आता?"

"खरं ते सांगा. पण जेवण झाल्यावर सांगा, नाहीतर उपाशी उठाल."

त्यांनी सांगितलं. तिची आई काय म्हणाली ते मला ठाऊक नाही, पण सोमवारी तो हलक्या टाचेचा पाय हॉलमध्ये आला. मामांनी झिजलेल्या मॅट बाजूला काढल्या आणि नव्या आणल्या. मी आता दाराशी आहे, बुटांखाली. नव्या मॅटना सगळे मिळून ठरावीक दिवशी उलटतात आणि प्रत्येक सांधा पायाने चाचपतात.

मित्रांनो, मी झिजले याचं मला दुःख नाही. झिजणं हे माझं कामच होतं. तुम्ही फक्त अधूनमधून वाकून बघत जा, आणि कोपरा उचललाय असं कुणी सांगितलं तर त्याचं ऐका. मागे सरकणाऱ्याला मागचं दिसत नसतं. त्याच्यासाठी ते आधीच कुणीतरी बघून ठेवायचं असतं.