बाजूचा ब्रेक

मेकॅनिक गाडीखालच्या खड्ड्यातून वर आला आणि फडक्याला हात पुसत म्हणाला, "वहिनी, इंजिनकाम निघालंय. म्हणाल तर करून देतो, पण माझं ऐकाल तर नवीच घ्या. आणि एक सांगा, तुम्ही बाजूचा ब्रेक वापरत नाही का?"

"म्हणजे काय! शिकवणारा माणूस दुसरं काय वापरतो? दिवसातून पन्नास वेळा लागतो तो."

"कसा लागेल? त्याची दांडी मधेच तुटलीय. तुटल्या जागी गंज चढलाय, म्हणजे दोनेक वर्षं तरी झाली असतील. पेडल नुसतं हलतं, पुढे काही जोडलेलंच नाही."

मी वरवर म्हणाले, "तुमचं आपलं काहीतरीच!" खरं सांगितलं असतं तर त्याने इंजिनाआधी माझं डोकं उघडून बघितलं असतं.

आमचं ड्रायव्हिंग स्कूल. म्हणजे ह्यांचं. शिकणारा स्टिअरिंगवर, शिकवणारा बाजूच्या सीटवर, आणि त्याच्या पायाशी वेगळा क्लच, वेगळा ब्रेक. एकवीस वर्षं हे त्या सीटवर बसले. दोन वर्षांपूर्वी हे गेले आणि मी बसायला लागले. घरात भिंतींशी भांडण्यापेक्षा लोकांवर ओरडलेलं बरं.

पहिल्याच आठवड्यात एक बाई वळणावर ब्रेक विसरली. मी पाय टाकायच्या आत पेडल आपणहून खाली गेलं. आधी अर्धं, मग पूर्ण. ह्यांची पद्धतच तशी, कुणाला धक्का म्हणून बसू द्यायचे नाहीत. मी किंचाळले नाही. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. त्या दिवसापासून मी पाय मागे, सीटखाली ओढून बसायला लागले. पुढची जागा ह्यांची.

खरी पंचाईत लेकीची झाली. तिला लांबच्या गावी नोकरी लागली होती, आणि रोज गाडी चालवायचं काम. महिन्याभराने लायसन्सची टेस्ट. अर्ध्या गावाला गाडी शिकवली ह्यांनी, पण पोटच्या पोरीच्या हातात स्टिअरिंग दिलं नाही. आधी दहावी होऊ दे, मग कॉलेज होऊ दे, मग म्हणे रस्ते किती बेकार झालेत बघ. शेवटी मीच तिला त्या गाडीत बसवली.

तिने पहिला गिअर टाकला, हळूहळू क्लच सोडला, गाडी दोन हात पुढे गेली आणि पेडल खाली. पुन्हा सुरू केली, पुन्हा खाली. बाकीच्यांच्या वेळी सगळं सुरळीत, आणि हिच्या वेळीच हा छळ! "अहो, सोडा की," मी पुटपुटायचे. एक दिवस तर पेडल जे खाली गेलं ते तासभर वर आलंच नाही. माझे पाय सीटखाली आहेत हे लेकीने वाकून बघितलं.

"आई, हे बाबा आहेत ना?"

मी मान हलवली. तिने स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि रडायला लागली. "त्यांना नकोच असेल तर मी नाही जात."

आणि शप्पथ सांगते, हे ऐकून मला आनंद झाला. लाज वाटली, पण झाला.

म्हणून त्या दिवशी गॅरेजमध्ये मला लगेच काही ठरवता येईना. इंजिनकाम केलं तर हे राहणार होते आणि लेकही राहणार होती. नवी घेतली तर दोघंही जाणार, आणि दोन खोल्यांत मी एकटी. मेकॅनिक चहा सांगायला बाहेर गेला तशी मी गाडीत, बाजूच्या सीटवर जाऊन बसले.

"अहो," मी म्हणाले, "जाऊ द्या तिला. किती शिकलीय, किती धडपडलीय. का अडवताय?"

गाडी बंद होती, चावी माझ्या मुठीत होती. पेडल सावकाश खाली गेलं, अर्धं, मग पूर्ण, आणि तिथेच राहिलं. मी वाकून ते हाताने वर ओढून बघितलं. इंचभरही हललं नाही. हट्टी माणूस! जन्मभर माझं ऐकलं नाही, आता कसलं ऐकतोय! मी रडत रडतच उतरले आणि मेकॅनिकला सांगितलं, "नवी घेते. ही भंगारात द्या, पण दुसऱ्या कुणाला विकू नका."

नव्या गाडीला त्याने बाजूची पेडलं बसवून दिली, तीनतीनदा तपासली. टेस्टला आठवडा उरला होता. सकाळी आम्ही दोघी मोकळ्या मैदानात गेलो. लेकीने आरसे नीट केले, पहिला गिअर टाकला. गाडी दोन हात पुढे गेली आणि गपकन थांबली.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "आई, बाबा इथेही आले."

मी खाली बघितलं. पेडलवर माझी चप्पल होती आणि चपलेत माझा पाय.

"बाबा नाहीत गं," मी म्हणाले. "मी आहे."

"मग काढ ना पाय!"

काढतच होते. निघत नव्हता. जोर लावला, घाम फुटला, मांडी थरथरायला लागली, तरी तो जागचा हलेना. शेवटी मी दोन्ही हात गुडघ्याखाली घातले, तो पाय ओढून वर घेतला आणि तसाच घट्ट धरून ठेवला.

"जा," मी म्हणाले.