पिंपळाला एकावन्न फेऱ्या

डॉक्टरांनी सांगितलं, "माई, उद्यापासून रोज अर्धा तास चालायचं. भरभर." मी हो म्हटलं आणि त्या 'हो'ला अडीच महिने झाले.

आधी म्हटलं, एकादशीपासून सुरू करू. एकादशीला उपासाने गळून गेले. मग म्हटलं, वहाणा घ्यायला हव्यात. वहाणा आल्या, त्या चावल्या. मग पितृपक्ष लागला, आणि पितृपक्षात कुणी नवं काही सुरू करतं का? आमचे हे एक दिवस पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "मुहूर्त काढायला गुरुजींना बोलावू का?" मी त्यांच्यावर अशी खेकसले की बिचारे दोन दिवस चहासुद्धा हळूच मागत होते.

खरं कारण वहाणा नव्हतं नि एकादशीही नव्हतं. आमच्या डोंबिवलीत बाईमाणसाने विनाकाम चालायचं म्हटलं तर जागा एकच, मारुतीच्या देवळापुढचा पिंपळाचा पार. बाकी कुठेही निघालं की दर दहा पावलांवर "काय, कुठे निघालात?" आणि त्या पाराकडे जायला माझे पाय उचलत नव्हते. का, ते सांगते.

प्रमोदिनी माझी धाकटी जाऊ. हरिहरभावजींची बायको. एकाच घरात राहायचो, चूल एक. मी तोंडाची फटकळ, ती गोगलगाय. एक मूल पोटातच गेलं होतं तिचं, नंतर काही राहिलं नाही. त्या विषयावर ती कधी बोलली नाही, आणि मीही तिला तोडून बोलले नाही, हे देवाशपथ सांगते. मी वाईट नव्हते. तोंडाळ होते.

चार-पाच वर्षांमागे माझ्या थोरल्या हेमाचं जमवत होतो. स्थळ ठाण्याचं, कोपरीतलं, मुलगा कलेक्टर कचेरीत. पत्रिका जुळली, मुलगी पसंत झाली. पण मुलाची आई महाचिकित्सक. घरात कुणाला दमा आहे का, कुणाला फिट येते का, सगळं विचारून झालं तिचं. ती मंडळी ओसरी उतरली तशी मी घरातल्या सगळ्यांना उभं करून सांगितलं, "हेमाच्या डोक्यावर अक्षता पडेपर्यंत या घरात कुणी शिंकायचंसुद्धा नाही. दुखणं, औषध, डॉक्टर, काही म्हणून बाहेर जाता कामा नये. सांगून ठेवते!" सगळे हसले. प्रमोदिनीही हसली.

त्यानंतर महिन्याभरात तिने साखर सोडली. भातही एवढासाच. आणि भल्या सकाळी न्हाऊन, अनवाणी, पिंपळाला फेऱ्या घालायला लागली. रोज एकावन्न. चिंचोके मोजून. पहिले काही दिवस कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायची, तेही मी खिडकीतून पाहिलं होतं. एकदा रिकामी कळशी घेऊनच निघाली. मी विचारलं, "अगं, दारात विहीर असताना कुठे निघालीस?" तर लाजली आणि कळशी ठेवून दिली. पण मग जाऊ लागली. पाऊस नाही, थंडी नाही, एक दिवस चुकवला नाही. रंग उजळला, चालीत चपळाई आली.

गोड सोडलंय, पिंपळाला फेऱ्या चालल्यात, पायात काही नाही. आता तुम्हीच सांगा, कुणीही काय समजेल? मी तेच समजले. मला इतका आनंद झाला होता! म्हटलं, चौतिसाव्या वर्षी का होईना, नवस बोलली पोर.

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्या ओसरीवर होतं. तीस-एक बायका होत्या. मी मुद्दाम तिच्यासाठी खण आणला होता, हिरवा. सगळ्यांच्या देखत तिला पाटावर बसवली, खणानारळाने ओटी भरली आणि मोठ्याने म्हटलं, "पिंपळ पावो गं बाई! पुढच्या संक्रांतीला हा पदर रिकामा नको, मांडीवर बाळ घेऊन बस." बायका खुदखुदल्या. कुणी म्हणालं, "म्हणून होय फेऱ्या!" कुणी म्हणालं, "आता बोरन्हाणाची तयारी करा." मी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. तिने तो खाल्ला नाही, मुठीत धरून बसली. मला वाटलं, लाजली.

दोनतीन दिवस गेली ती फेऱ्यांना. मग बंद. विचारलं तर म्हणाली, "थंडी फार आहे, माई." मी म्हटलं, नवस अर्धा सोडू नये. ती नुसती हसली. पुढे हेमाच्या लग्नाची घाई सुरू झाली आणि मी विसरून गेले.

वैशाखात लग्न झालं. रुखवताचे अकरा लाडू प्रमोदिनीने एकटीने वळले, एकेक नारळाएवढा. एक कणसुद्धा तोंडात टाकला नाही.

श्रावणात तिच्या पाठीवर काळपुळी उठली. डॉक्टर घरी आले, पाठ बघितली आणि तिच्यावर चिडलेच. "चालणं का सोडलंत? चालत होतात तोवर साखर किती उतरली होती!"

"कसली साखर?" मी विचारलं.

डॉक्टर माझ्याकडे वळले. म्हणाले, "यांना मधुमेह आहे. तुम्हाला ठाऊक नाही?"

हरिहरभावजी भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांना ठाऊक होतं. तिने त्यांना शपथ घातली होती, हेमाचं लग्न होईपर्यंत माईंना कळता कामा नये म्हणून. लग्न झालं तरी ती शपथ तिने सोडवली नव्हती. माझी आज्ञा पाळली हो तिने. घरात दोघींची एक चूल, रोज समोरासमोर बसून भाजी निवडायचो, आणि मला पत्ता नाही.

चौथ्या दिवशी दुपारी मी तिला वारा घालत बसले होते. ताप चढलेला. मला राहवलं नाही. म्हटलं, "प्रमोदिनी, मेले, मी ओटी भरली तेव्हा तरी सांगायचंस. नवस नाही, औषध आहे म्हणून. मी काय तुला खाल्लं असतं?"

ती म्हणाली, "तुम्ही ओटी भरलीत ना, माई, दुसऱ्या दिवशी फेऱ्या घालताना मी खरंच मागायला लागले."

मी पंखा खाली ठेवला.

"त्याआधी नुसती चालत होते. बरं वाटायचं. मागायला लागले नि रडू यायला लागलं. पाय पुढे पडेनात. लोक बघायचे. म्हणून सोडलं."

नारळीपौर्णिमेच्या आदल्या दिवशी ती गेली. हिरवा खण तिच्या ट्रंकेत घडी न मोडता होता. त्याच्या आत चिंचोके. मी मोजले नाहीत. एकावन्नच असणार.

या गोष्टीला चार वर्षं झाली. आता तोच रोग मला, तेच डॉक्टर आणि तोच पार. आणि वर माझी धाकटी, सुमेधा, लग्नाची. म्हणजे फिरून तेच. तोंड मिटून बसायचं कारण यंदाही घरात हजर होतं.

दसऱ्याला निघाले एकदाची. मनाला म्हटलं, आज नाही तर कधीच नाही. वहाणा घातल्या, हातात पिशवी नाही, कळशी नाही, पूजेचं तबक नाही. पदर खोचला आणि चालू लागले. चिंचोके घेतले होते, तिचेच. दहा फेऱ्यांत धाप लागली, गुडघे बोंबलायला लागले. कशी घालत होती गं बाई तू, एकावन्न?

पाराशी ठमाबाई भाजीची पाटी घेऊन बसते. प्रमोदिनीच्या वेळेपासून बसते. तिच्याकडे आमच्या आळीतल्या त्र्यंबकरावांची बायको मेथी घेत होती. सुमेधेसाठी कल्याणचं स्थळ आणलं होतं ते तिनेच.

ठमाबाई म्हणाली, "काय गो बाय, तू पन पिंपलाला नवस केलास काय?"

त्र्यंबकरावांची बायको हातात जुडी धरून वळली. "खरंच, काय मागताय माई? सुमेधेसाठी का?"

हो म्हटलं असतं तर भागलं असतं. लेकीसाठी फेऱ्या घालणारी आई, कुणी नाव ठेवलं नसतं. माझ्या तोंडावर आलंही होतं ते. मग मुठीतले चिंचोके टोचले.

"काही मागत नाही," मी म्हटलं. आवाज नेहमीसारखाच मोठा निघाला, देवळातल्या गुरवानेही मान वर केली. "मला मधुमेह आहे. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. म्हणून चालते."

त्र्यंबकरावांच्या बायकोने मेथी पिशवीत टाकली आणि "असं होय," म्हणून निघून गेली. कल्याणची मंडळी त्यानंतर फिरकली नाहीत. सुमेधा मला म्हणाली, "आई, तू चाल." मी रोज चालते.

त्या दिवशी मात्र उरलेल्या फेऱ्या मला धड दिसत नव्हत्या, डोळे सारखे भरून येत होते. एवढंच तर वाक्य होतं. एका श्वासात झालं बोलून. तेवढं मी तिला बोलू दिलं नाही.