खड्ड्याला उतार

जमीन मऊ होती म्हणून घुम्यानं खड्डा खणायला घेतला, आणि कुत्रा जिवंत होता म्हणून बायकोनं तोंड सोडलं.

"लाज कशी वाटत नाही हो? तो बघतोय!"

कुत्रा खरंच बघत होता. लिंबाच्या झाडाखाली, पुढच्या पायांवर हनुवटी टेकून. शेतावर कुठलंही काम निघालं की तो असाच देखरेखीला बसायचा.

"बघू दे," घुम्या म्हणाला.

"जित्या जिवाचा खड्डा कुणी खणतं का?"

"आत्ता माती लोणी आहे. ऊन तापलं की वीट होईल. तेव्हा काय सुरुंग लावू?"

"मग शेजारी आणखी एक खणून ठेवा. स्वतःसाठी."

"आधी ह्याचा होऊ दे."

गावात त्याला घुम्या म्हणत, कारण त्याच्या तोंडातून शब्द निघायचा तो विहिरीतून पोहरा निघाल्यासारखा, उशिरा आणि अर्धा सांडलेला. बायकोचा पाट मात्र बारमाही वाहायचा. दोघांचं मिळून एका घराला पुरेल इतकं बोलणं होत असे. आज सकाळीच घुम्याचा दिवसभराचा साठा संपला होता. तो पुढं गुपचूप खणत राहिला.

*

कुत्र्याला नाव नव्हतं. "ए" म्हटलं की यायचा. म्हातारा झाल्यावर बहिरा झाला, मग "ए" म्हणायचंही कारण उरलं नाही. तरुणपणी त्यानं वांग्यांच्या वाफ्यांतून रानडुकराला एकट्यानं पिटाळून लावलं होतं आणि त्यापायी अर्धा कान गमावला होता. आता मागचे पाय लुळे पडत चालले होते आणि पोटात गाठ होती. आदल्याच दिवशी गुरांचा डॉक्टर शेजारची म्हैस तपासायला आला होता, तेव्हा त्यानं ती गाठही चाचपून पाहिली.

"ही काही जायची नाही, काका. दुखत असणार त्याला. ओरडत नाही म्हणजे दुखत नाही असं नसतं."

"मग?"

"सुई देतो. शांत झोपेल. कधी ते तुम्ही ठरवा."

"तुम्ही डॉक्टर आहात. तुम्हीच ठरवा की," बायको म्हणाली.

"कुत्रा तुमचा आहे, काकू."

डॉक्टर गेला आणि दुपारच्या जेवणाला घरात पंचायत बसली.

*

"खातोय तोवर त्याला हात लावायचा नाही."

"हं."

"हं काय? तुमचं काय म्हणणं ते सांगा."

"संध्याकाळी मी येतो तेव्हा तो फाटकाशी येतो. तोवर नाही."

"म्हणजे खाणं का फाटक?"

"दोन्ही. दोन्ही बंद झाली की डॉक्टरला बोलवायचं."

"दोन्ही हं! एक बंद झालं म्हणून नाही."

"दोन्ही."

"शब्द फिरवाल नाहीतर."

"मी एवढे शब्द बोलतो कुठं?"

*

कुत्र्याला कुणी विचारलं नाही.

*

खड्डा झाला. इथं खरं तर कुत्र्यानं मरायला हवं होतं आणि गोष्ट संपायला हवी होती. पण दुसऱ्या दिवशी तो सापडेना. बायकोनं सगळं रान पालथं घातलं, हाका मारल्या, बहिऱ्याला हाका मारते म्हणून स्वतःलाच शिव्या घातल्या. अखेर तो खड्ड्यात दिसला. ओल्या, गार मातीला पोट लावून निवांत पसरला होता.

"बघा," ती म्हणाली, "नवरदेवाला खोली पसंत पडली."

तिथं त्याला बरं वाटत होतं हे उघडच होतं. अडचण एकच, बाहेर येता येईना. घुम्या खाली उतरायचा, त्याला उचलून काठावर ठेवायचा, मग आपली कंबर धरून वर चढायचा. असं काही वेळा झाल्यावर त्यानं फावडं घेतलं आणि खड्ड्याच्या एका बाजूला उतार काढला. निघालेली माती वांग्यांना घातली. मग वर चार काठ्या रोवून गोणपाटाची सावली केली.

ट्रॅक्टरवाला वाटेवरनं जाता जाता थांबला. "काय काका, हौद बांधताय का?"

"कुत्र्याचं थडगं."

ट्रॅक्टरवाल्यानं वाकून पाहिलं. आतून कुत्र्यानं शेपटीचं टोक हलवलं.

"हा तर जिवंत आहे!"

"घाई कुणाला आहे?"

*

आता वाटीचं.

सकाळी बायको दुधात कालवलेला भात कुत्र्यापुढं ठेवी आणि शेळीची धार काढायला जाई. परत येईपर्यंत वाटी रिकामी. एके दिवशी घुम्या ओट्यावर बसला होता, तेव्हा कुत्र्यानं वाटी हुंगली, जराशी चाटली आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी हुंगलीही नाही.

घुम्यानं विचार केला. त्याला बोलायला वेळ लागे, विचाराला लागत नसे. खाणं बंद झालं, हे खरं. पण संध्याकाळी कुत्रा फाटकाशी येतोय. कालही आला होता. ठरलंय दोन्हीचं. मग एकासाठी बाईमाणसाच्या जिवाला उगाच घोर कशाला?

त्यानं वाटी कुडामागं नेऊन कोंबड्यांपुढं उपडी केली. मग ओल्या बोटानं पुसली. काठाला थोडं राहू दिलं, कारण कुत्रा काही भांडी घासत नाही.

"खाल्लं हो सगळं!" बायको शेळीकडून येऊन म्हणाली. तिचं तोंड असं उजळलं की घुम्याला ते काम रोजचंच होऊन बसलं.

आणि संध्याकाळी तो वाफ्यांना पाणी पाजून परते, तेव्हा कुत्रा खरोखर फाटकाशी असे. उभा नसे, पडलेला असे, पण फाटकाशीच. लिंबाखालच्या खड्ड्यापासून फाटकापर्यंत धुळीत एक रुंद चर उमटलेला असे. मागचे पाय ओढत येतोय बिचारा, असं घुम्या मनात म्हणे. एवढं ओढत येतो, म्हणजे जीव आहे अजून. मग तो खाकरून आत जाई.

*

डॉक्टर पुन्हा आला.

"खातो का?"

"वाटी चाटूनपुसून!" बायको म्हणाली.

घुम्यानं आभाळ पाहिलं.

"चालतो?"

"रोज फाटकापर्यंत येतो," घुम्या म्हणाला.

बायकोनं कोंबड्या पाहिल्या.

डॉक्टरनं कुत्र्याच्या बरगड्यांवरून हात फिरवला. बरगड्या हार्मोनियमच्या पट्ट्यांसारख्या हाताला लागत होत्या. त्याला नवल वाटलेलं दिसलं. "खातोय, चालतोय, मग राहू दे अजून," तो म्हणाला. "जनावर कधी कधी चिवट निघतं." जाताना म्हणाला, "कोंबड्या मात्र छान भरल्यात तुमच्या."

"काय खातात कोण जाणे," बायको म्हणाली.

*

कुदळीचा दांडा मोडला नसता, तर हे असंच चाललं असतं.

दांडा भर उन्हात मोडला. नवा घालायला घुम्या अवेळीच घराकडे निघाला. कुंपणाशी आला आणि त्याला बायकोचा आवाज ऐकू आला. बायकोचा आवाज ऐकू येणं ही काही नवी गोष्ट नव्हती. पण ती दबक्या आवाजात बोलत होती, आणि ही मात्र नवी होती.

"चल रे राजा. एवढंच. आज लवकर निघू, दमले बघ मी. काल ते बांधावर दिसले तरी आपण अर्ध्यातच होतो. तोंड दाखव त्यांना, मग खुशाल झोप."

ती वाकून, पाठमोरी, गोणपाट ओढत होती. गोणपाटावर कुत्रा. खड्ड्याच्या उतारावरून तिनं त्याला वर घेतलं. उतार घुम्यानं कुत्र्यासाठी केला होता, पण खरा कामी आला तो तिच्या. दोन पावलं ओढायची, थांबायची, कंबरेवर हात ठेवायची. गोणपाट दगडाला अडकलं, तसं कुत्र्यानं त्याचं टोक दातात घट्ट धरलं आणि डोळे मिटले. आवाज केला नाही.

मागं धुळीत रुंद चर उमटत होता.

घुम्या कुंपणाबाहेर खाली बसला. मोडकी कुदळ मांडीवर घेतली. तिला वाटतंय, चालत नसला तरी खातोय. आपल्याला वाटत होतं, खात नसला तरी चालतोय. दोघांकडे अर्धा अर्धा कुत्रा होता. पुरा फक्त त्या गोणपाटावर होता, आणि त्याला दुखत होतं.

ऊन कलेपर्यंत तो तिथंच बसला. मग रोजच्या वेळेला खाकरून फाटक उघडलं.

"आला बघा तुमच्यासाठी!" बायको म्हणाली. तिचा पदर धुळीनं माखला होता.

"आला," घुम्या म्हणाला. वाकून कुत्र्याच्या फाटक्या कानावर हात ठेवला. हात बराच वेळ तिथंच राहिला.

*

सांगायचं कसं? तोंडानं सांगणं त्याला कधी जमलं होतं?

सकाळी बायकोनं वाटी ठेवली आणि शेळीकडे गेली. घुम्या ओट्यावर बसून राहिला. कोंबड्या कुडामागं गोळा झाल्या आणि ओरडू लागल्या. तो हलला नाही.

बायको आली. वाटी भरलेली. दुधावर साय धरलेली, सायीवर माशी.

तिनं वाटीकडे पाहिलं. कुडामागून येणारा कोंबड्यांचा कलकलाट ऐकला. मग नवऱ्याकडे पाहिलं.

घुम्या आता बोलणी खायला तयार होता. इतक्या वर्षांत त्यानं पुष्कळ खाल्ली होती. पण ती वाटी उचलून आत गेली.

संध्याकाळी तो परतला तेव्हा फाटकाशी कुणी नव्हतं.

चरात पाखरांच्या पायांचे ठसे उठले होते.

*

"खाणं बंद झालं?" डॉक्टरनं विचारलं.

"हो," बायको म्हणाली.

"आणि चालणं?"

"हो," घुम्या म्हणाला.

"कधीपासून?"

घुम्यानं आभाळ पाहिलं, बायकोनं कोंबड्या. मग बायको म्हणाली, "आत्ताच." घुम्याही म्हणाला, "आत्ताच."

डॉक्टरनं कुत्र्याकडे पाहिलं, मग ह्या दोघांकडे, आणि पिशवीतून सुई काढली. कुत्रा खड्ड्यात होता. घुम्या उतारावरून खाली गेला आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला. बायको काठावर उभी राहून बोलत होती: माती गार आहे ना, वांगी यंदा बरी लागलीत, शेळी आज लाथ मारायला बघत होती, डुकरं आली तर आम्ही काय करायचं, तूच सांग. कुत्र्याला ऐकू येत नव्हतं, पण तो तिच्या तोंडाकडे बघत होता. ती बोलत राहिली, बोलत राहिली, आणि मध्येच थांबली.

तिचं बोलणं थांबलं तेव्हा घुम्याला कळलं.

*

खड्डा बुजवताना माती कमी पडली. उताराची माती वांग्यांना गेली होती. घुम्यानं ती पाटीपाटीनं परत आणली. वाफ्यांत बोटं घालून, मुळं सांभाळून.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंबड्या वेळेवर कुडामागं हजर झाल्या. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. बायकोनं थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं, आत गेली, दुधात भात कालवून आणला आणि त्यांच्यापुढं ओतला.

"दूध?" घुम्या म्हणाला.

"सवय तुम्ही लावलीत," ती म्हणाली. "आता भोगा."

संध्याकाळी पाणी पाजून घुम्या घरी आला. फाटकाशी बायको उभी होती. हातात झाडू होता, पण अंगण झाडलेलं नव्हतं. लिंबापासून फाटकापर्यंतचा चर तसाच होता.

"कुठं निघालीस?"

"कुठं नाही."

"मग इथं काय करतेस?"

"उभी आहे."

घुम्यानं मान डोलावली, फाटक लावलं, आणि चरावर पाय पडू न देता, कडेकडेनं तिच्याबरोबर आत गेला.