रविवारी गळणारं तेल

सुपीरियर तलावाच्या या काठावर बर्फ पडायला लागला की थांबायचं नाव घेत नाही. इथे म्हातारीला एकटीने राहायचं असेल तर दारापासून रस्त्यापर्यंतची वाट तिला स्वतः मोकळी ठेवता आली पाहिजे. माझ्या मुलाने, लाइलने, हीच अट घातली होती. म्हणाला, ज्या दिवशी तुझं स्नोब्लोअर, ते बर्फ उडवून वाट काढायचं मशीन, बंद पडेल त्या दिवशी तू ग्रीन बे शहरात यायचं. मी रागाच्या भरात हो म्हणून बसले. त्याने तिथे म्हाताऱ्यांच्या इमारतीत माझ्यासाठी खोलीही बघून ठेवली. खिडकीतून पार्किंग दिसतं म्हणे. जशी काही मी जन्मभर मोटारी बघायलाच तरसले होते.

आणि ऐन जानेवारीत त्या मशीनने तेल गाळायला सुरुवात केली.

मशीन माझ्या नवऱ्याचं, तोइवोचं. तो गेला तेव्हापासून मीच चालवते. एका रविवारी थेंब-दोन थेंब दिसले ते मी मनावर घेतले नाहीत. पुढच्या रविवारी वाट काढून मागे वळून बघितलं तर पांढऱ्या बर्फावर काळे डाग, थेट फाटकापर्यंत. गावातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने पट्ट्याच्या पुलीमागे बोट फिरवलं, तेलकट बोट मला दाखवलं आणि ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, गेलं म्हणाला. एवढ्या जुन्या इंजिनाला कोण हात लावणार, नवीन घ्या. त्याच्या दुकानात नवीन मशीनं ओळीने उभी होती, त्यामुळे त्याच्या बोटावर माझा फारसा विश्वास बसला नाही.

पण माझा दीर रेनो माझ्याबरोबर आला होता, आणि रेनोच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुसऱ्या दिवशी लाइलचा फोन. शनिवारी येतो, रिकामी खोकी घेऊन येतो, सामान बांधून ठेव. मी फोन ठेवला आणि सामानाऐवजी मशीनच साफ करायला घेतलं.

आधी रॉकेलच्या फडक्याने इंजिन लख्ख पुसलं. मग तोइवोची पायाला लावायची पावडर सगळीकडे भुरभुरवली. तेल जिथून येईल तिथे पावडर आधी ओली होणार. उरलेला आठवडा रोज वाट काढली. पावडर कोरडीच. सील खरंच फाटलं असतं तर ते वार बघून गळलं नसतं. मग रविवारीच काय होतं? शुक्रवारी तर मी त्या मशीनला तोंडाला येईल ते बोलले.

शनिवारी लाइल आला. त्याने खोकी स्वयंपाकघरात रचली आणि मी त्यांच्याकडे बघितलंही नाही. संध्याकाळी नेहमीसारखा साउना, म्हणजे परसातली वाफेने न्हाण्याची खोली, तापवला. भांडण असो, मयत असो, आमच्याकडे शनिवारचा साउना चुकत नाही. रेनोही आला. आधी मी न्हाऊन घेतलं, मग ते दोघे आत बसले आणि तापलेल्या दगडांवर पाणी ओतत राहिले. कपडे काढायच्या खोलीपर्यंत वाफ भरली. त्या खोलीच्या कोपऱ्यात मशीन उभं होतं, जुनी गोधडी पांघरून. आमच्या गावात सगळे असंच ठेवतात. एक वेळ जावयाला थंडीत उभं करतील, पण मशीनला नाही.

रात्रीत भरपूर बर्फ पडला. सकाळी नगरपालिकेच्या बर्फ लोटायच्या नांगरगाडीने रस्ता साफ करताना सगळा ढिगारा आमच्या फाटकात लोटला. लाइलची गाडी आतच अडकली. मी मशीन बाहेर काढलं. हवा अशी की नाकातला केस न् केस उभा राहावा. थोडं चालवलं आणि बघितलं, तर पुलीमागची पावडर काळी चिकट.

“बघ,” लाइल म्हणाला. “संपलं, आई. आता तरी हट्ट सोड.”

मी इंजिन बंद केलं आणि तेल मोजायची काडी फिरवून सैल केली. आतून फुस्स आवाज आला आणि काडी माझ्या हातात उडून आली. तिच्यावरचं तेल दुधाच्या कॉफीसारखं दिसत होतं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तेलात पाणी होतं, आणि आत हवा कोंडली होती.

इंजिनालाही श्वास सोडायला एक नळी असते. ती ओढून काढली. तिच्या तोंडात बोटाएवढा बर्फाचा बोळा बसलेला. शनिवारी गारठलेलं मशीन वाफेत जाऊन उभं राहायचं, आत पाणी धरायचं आणि रविवारी यंदाच्या कडाक्यात बाहेर आलं की नळी गोठायची. श्वास कोंडला की इंजिन सीलच्या कडेने तेल बाहेर ढकलायचं. मग चालून चालून तापलं की बोळा वितळायचा आणि सोमवारपासून सगळं ठीक. सीलला काहीएक झालेलं नव्हतं.

रेनो हातात कॉफीचा कप घेऊन बघत होता. मी म्हटलं की आजपासून मशीन लाकडांच्या खोपटात राहील, थंडीत. त्याचा चेहरा पडला.

“तोइवो जन्मभर साउनातच ठेवायचा. त्याला काय कळत नव्हतं?”

“तोइवो चुकला होता,” मी म्हटलं.

हे वाक्य तो जिवंत असताना मी कधी उच्चारलं नव्हतं. आज बोलून गेले. पण परत घेतलं नाही.

“बाबांनी असं कधीच केलं नसतं,” लाइल म्हणाला.

“मग तुझे बाबा आज तुझ्या त्या खोलीत मोटारी मोजत बसले असते.”

नळी गरम पाण्याने धुतली, फुंकून कोरडी केली. जुनं तेल काढून टाकलं, नवं पातळ तेल भरलं. लाइल दोनदा मदतीला पुढे आला. दोन्ही वेळा मी त्याला बाजूला केलं. त्याला वाईट वाटलं हे मला दिसलं, आणि मलाही वाटलं. पण त्या दिवशी त्याचा हात लागला असता तर वाट त्याने काढली असं झालं असतं.

मशीन सुरू केलं आणि फाटकातल्या ढिगाऱ्यात घातलं. नांगराने दाबलेला तो बर्फ दगडासारखा होता. खांदा भरून आला. मी मागे यायचे, पुन्हा घुसायचे. दुपार झाली तेव्हा पलीकडचा डांबरी रस्ता दिसला. इंजिन बंद करून पुलीमागे बोट फिरवलं आणि ते बोट लाइलच्या नाकासमोर धरलं. कोरडं होतं.

“काढ गाडी,” मी म्हटलं.

तो किल्ली हातात घेऊन नुसताच उभा राहिला. “आई, मला काळजी वाटते गं.”

“वाटू दे. मलाही तुझी वाटते, मी तुला खोलीत कोंडते का? बर्फ वितळला की ये. मुलगा म्हणून ये, हमाल म्हणून नको.”

तो गाडीत बसला. मी काढलेल्या वाटेवरून त्याची गाडी हळूहळू बाहेर गेली. ती वळणापलीकडे जाईपर्यंत मी फाटकात थांबले, आणि मग मशीन खोपटात नेऊन लावलं.